भावाच्या श्वासापुरती वीज

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी युनिस बॅटरीच्या खोलीत उभी होती. हातात खडू होता. समोरच्या छोट्या पडद्यावर चौतीसचा आकडा दिसत होता. शंभर म्हणजे बॅटऱ्या काठोकाठ भरलेल्या. वीस झाले की सगळं आपोआप बंद. तिने लोखंडी दाराच्या आतल्या बाजूला चौतीस लिहिलं. त्याच्यावर सोमवारचे बावन्न होते आणि त्याच्यावर रविवारचे एकाहत्तर.

आकडा लिहून झाल्यावरही ती लगेच बाहेर पडली नाही. इन्व्हर्टरच्या घरघरीकडे कान देऊन उभी राहिली. बारा वर्षांत तिला नुसत्या आवाजावरून लोड कळायला लागला होता. पहाटेच्या या वेळी, माणसं झोपेत असताना, ती घरघर जेमतेम ऐकू यायला हवी. आज ती दाराबाहेरही ऐकू येत होती.

बाहेर ढग झाडांच्या शेंड्यांना टेकले होते. ढगांचा हा चौथा दिवस. खाडीच्या तोंडाशी सात होड्या वाळूवर ओढून ठेवल्या होत्या. गुलुवाऱ्याच्या वस्तीत घरं चार, आणि एरवी माणसं एकोणीस. त्या सकाळी सत्त्याऐंशी माणसं होती. घरांच्या ओट्यांवर, ताडपत्र्यांखाली, आंब्याच्या झाडाखाली, जिथे कोरडी जागा मिळाली तिथे ती झोपली होती.

पाहुणे सगळे तिच्या भावासाठी आले होते.

भावाचं नाव युनिस घेत नाही. आठवतंय तेव्हापासून एकदाही घेतलेलं नाही. बहिणीने भावाचं नाव उच्चारायचं नसतं, त्याच्याशी तोंडावर बोलायचं नसतं, तो घरात असताना त्या घरात पाऊल टाकायचं नसतं. वाटेवर तो समोरून येताना दिसला की ती बाजूला होते आणि झाडाकडे तोंड करून उभी राहते. यात राग नाही की भीती नाही. आदर आहे आणि तो असाच दाखवायचा असतो. भाऊ आता शहात्तर वर्षांचा आहे, युनिस त्रेसष्ट.

त्याची फुप्फुसं गेली आहेत. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या हॉस्पिटलात तो सात महिने होता. तिथल्या डॉक्टरांनी करण्यासारखं आता काही उरलं नाही असं सांगितलं, तेव्हा त्याने एकच मागणं केलं: मला माझ्या जमिनीवर नेऊन ठेवा. तीन आठवड्यांपूर्वी छोट्या विमानाने तो आला. बरोबर ऑक्सिजनचं मशीन आलं. एखाद्या सुटकेसएवढं, खालून चाकं असलेलं. ते हवेतूनच ऑक्सिजन काढतं, पण त्यासाठी त्याला अखंड वीज लागते. दिवसाला साडेआठ युनिट.

बरोबर आलेल्या नर्सने, ब्रिजेटने, जाताना युनिसला बाजूला घेतलं होतं. ब्रिजेट सरळ बोलते, म्हणून युनिसला ती आवडते.

"हे दोन सिलिंडर ठेवून जाते," ब्रिजेट म्हणाली होती. "मशीन बंद पडलं तरच उघडायचे. दोन्ही मिळून अकरा तास चालतील. पण पहिला उघडलात की लगेच मला फोन. मग मी विमान पाठवणार आणि त्यांना परत न्यावं लागेल. माझ्या हातात दुसरं काही नाही, युनिस."

"म्हणजे डार्विन."

"म्हणजे डार्विन. आणि तिथून ते परत येतील असं मला वाटत नाही."

युनिसने त्यावर विचारलं होतं, मशीनवर किती वॅट लिहिलंय ते जरा वाचून दाखव. साडेतीनशे. ती मनात आकडेमोड करत धावपट्टीवरून चालत घरी आली होती.

ती धावपट्टी तिच्या ओळखीची आहे. पन्नास वर्षांपूर्वी भाऊ किनाऱ्यावरच्या मोठ्या गावात मिशनच्या लाकूड गिरणीत कामाला होता. एके दिवशी तो म्हणाला, पुरे झालं, आता आपल्या जमिनीवर जाऊ. दोन भाऊबंद, त्यांच्या बायका, पाच पोरं, आणि तेरा वर्षांची युनिस. नऊ दिवस चालून ते इथे आले. विमान उतरल्याशिवाय पीठ नाही, चहा नाही, औषध नाही. म्हणून पुरुषांनी कुऱ्हाडीने झाडं तोडून पट्टी मोकळी केली आणि बायकांनी मुळं खणून काढली. युनिसने अकरा महिने डब्याने पाणी वाहिलं. पहिल्या विमानाच्या वैमानिकाने पट्टी पाहून शिव्या दिल्या, पण तो उतरला.

त्यानंतर रॉकेलचे कंदील आले. मग डिझेलचा जनरेटर आला. तो रात्री दोन तास चाले आणि महिन्यातून दहा दिवस बंद असे. मग बारा वर्षांपूर्वी पॅनल आणि बॅटऱ्या आल्या. त्यांच्याबरोबर पाच दिवसांचं शिक्षणही आलं. शिकायला अकरा पुरुष आणि युनिस. ती तिथे सगळ्यांसाठी चहा करायला गेली होती. चहा झाल्यावर मागे बसून ऐकू लागली. वर्षभरात अकरापैकी नऊ जण कामाला बाहेर गेले आणि दोघे वारले. किल्ली युनिसकडे आली ती आलीच.

आता पॅनलवर पांढऱ्या काकाकुव्यांनी केलेली घाण ती लांब दांड्याच्या फडक्याने पुसते, बॅटऱ्यांचं टेम्परेचर बघते, पालींनी पंख्यात घातलेली अंडी काढते. प्रत्येक घराला दोन लाईन आहेत. एक गरजेची: दिवे, फ्रीज, पंखा. ती कधी बंद होत नाही. दुसरीला इथे सगळे चैनीची म्हणतात. तिच्यावर किटली, टीव्ही, कपड्यांचं मशीन चालतं. दिवसाचा वाटा संपला की ती दुसऱ्या सकाळपर्यंत गप्प. हे वाटे चारही घरांनी एकत्र बसून ठरवले आहेत आणि बारा वर्षांत त्यावरून दोनदाच भांडण झालं आहे.

भावाच्या घरात ती दुरुस्तीलाही गेलेली नाही. मागे एकदा तिथलं बटण जळालं, तेव्हा वहिनीने आत स्क्रू-ड्रायव्हर धरला आणि युनिसने बाहेर खिडकीखाली बसून सांगितलं, लाल वायर सोड, काळीला हात लावू नकोस. दीड तास लागला. बटण अजून चालतं.

* * *

वहिनी, म्हणजे भावाची बायको लॉर्ना, सात वाजता चहाचा डबा घेऊन पॅनलपाशी आली. रात्रभर जागलेली दिसत होती.

"किती, वन्सं?"

"चौतीस."

"काल बावन्न होते ना?"

"काल जनरेटर होता. दुपारी पिंप रिकामं झालं."

लॉर्नाने खाडीकडे पाहिलं. "होड्यांमध्ये एवढं तेल आहे."

"ते पेट्रोल आहे. जनरेटरला डिझेल लागतं. डिझेलचा ट्रक नदीच्या पलीकडे उभा आहे, नदी उतरली की येईल."

"तुमचे बंधू विचारत होते," लॉर्ना म्हणाली. भाऊ रोज सकाळी बायकोला तेवढ्यासाठी पाठवतो. तो फक्त आकडा विचारतो आणि बहीण फक्त आकडा सांगते. पन्नास वर्षांत दोघांमध्ये झालेलं सर्वांत नियमित बोलणं हेच.

"चौतीस सांग."

"चाळीस सांगू का? उगाच जिवाला घोर लावून घेतील."

"चौतीसच सांग. त्याला कळतं."

लॉर्नाने तिच्या हातात डबा दिला. "एक सांगू? त्या हॉरेसच्या स्पीकरने भिंत थरथरते. काल यांच्या उशाशी पाण्याचा पेला ठेवला होता, तो आपोआप सरकत कडेला आला."

"मग सांगत का नाहीस त्यांना?"

"मी? मी सून आहे. तुम्ही सांगा की, लेकीचा मान आहे तुम्हाला."

युनिस हसली नाही. सांगता येत नव्हतं, हे दोघींना माहीत होतं.

हॉरेस वयाने युनिसपेक्षा नऊच वर्षांनी मोठा, पण नात्याने आजोबा. तो तिच्या आणि भावाच्या आजीच्या माहेरचा, त्या घराण्याचा आताचा मुख्य गाणारा. मरणाच्या वाटेवरच्या माणसाला त्याच्या जमिनीची गाणी ऐकवायची असतात, क्रमाने, समुद्रापासून आत डोंगरापर्यंत. ती गायला आजीच्या माहेरची माणसं लागतात. ती आली नाहीत तर मोठा अपमान, आणि आल्यावर त्यांना कशाला नाही म्हणणं हा त्याहून मोठा. हॉरेस तीन होड्या घेऊन आला होता. बरोबर पुरुषभर उंचीचा स्पीकर, दोन माईक, अंगण उजळणारे दोन फोकस, आणि कासवाच्या मटणाने भरलेला एक लांबलचक फ्रीजर. सगळ्यांना पुरावं म्हणून त्याने आणलं होतं. त्याच्या बाजूने काहीही चुकलं नव्हतं.

नऊच्या सुमाराला युनिस त्याच्याजवळ जाऊन बसली. तो आंब्याखाली चटईवर बसून गाण्याच्या काठ्या पुसत होता.

"ये, दिव्याची मालकीण आली," तो बाजूच्यांना म्हणाला. "जागा द्या तिला. नाहीतर आपल्याला अंधारात बसवेल."

माणसं हसली.

"आजोबा, ऊन नाही चार दिवस," युनिस म्हणाली.

"दिसतंय की मलाही. डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण एवढं दिसतं."

"बॅटऱ्या खाली चालल्यात."

"हं." त्याने काठी उजेडात धरून पाहिली. "तुझा आजा सांगायचा, इथले ढग पाचव्या दिवशी कंटाळतात. उद्या ऊन येईल."

याहून पुढे जाणं म्हणजे उघड नाही म्हणणं झालं असतं. स्पीकर बंद करा, हे वाक्य तिच्या जिभेवर होतं आणि ते तिथेच राहिलं. तिने त्याला चहाला साखर किती लागते ते विचारलं आणि उठली.

मग तिने जे केलं ते बारा वर्षांत कधी केलं नव्हतं. अकरा वाजता बॅटरीच्या खोलीत जाऊन तिने चारही घरांची चैनीची लाईन खटके खाली ओढून बंद केली. कोणाला काही सांगितलं नाही. वाटा संपला, असं लोकांना वाटेल. कोणी कोणाला नाही म्हटलं असं होणार नाही आणि वीज वाचेल. घरघर खाली आली. ती पॅनल पुसायला गेली. ढगातूनही थोडं येतं. तेवढ्यावर दुपारपर्यंत आकडा छत्तीसवर चढेल, असा तिचा हिशेब होता.

दुपारी तीन वाजता आकडा तेहतीस होता.

* * *

घरघर पुन्हा मोठी झाली होती. युनिसने पडद्यावर एकेका घराचा लोड पाहिला. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या घरात फक्त फ्रीजपुरता. पहिल्या घराच्या गरजेच्या लाईनवर दोन हजार शंभर वॅट होते. तिथे मशीनचे साडेतीनशे आणि एका फ्रीजचे शंभर असायला हवे होते.

पहिलं घर भावाचं.

ती बाहेर येऊन चाळीस पावलांवर थांबली. त्याहून पुढे जायचं नव्हतं. तिथून ओटा दिसत होता. भावाच्या खिडकीतून तीन एक्स्टेन्शन बाहेर आली होती. त्यांच्या टोकांना आणखी बोर्ड जोडले होते आणि तिथून वायरी भिंतीच्या कडेने, पायऱ्यांवरून, चिखलातून आंब्यापर्यंत गेल्या होत्या. फ्रीजर आता ओट्यावर होता. स्पीकर त्याच्या शेजारी. एका बोर्डावर चौदा फोन चार्जिंगला लावले होते.

सरळ गोष्ट होती. चैनीची लाईन सगळीकडची गेली, आणि गरजेच्या लाईनवर हाताशी येणारे मोकळे प्लग फक्त भावाच्या खोलीत होते, मशीनसाठी बसवलेले; माणसं तिथेच जाणार. तिने स्वतःच सत्त्याऐंशी जणांना भावाच्या उशाशी नेऊन प्लग लावायला लावले होते. आणि ती लाईन तिला खोलीतून तोडताही येत नव्हती, कारण तीच लाईन मशीनची होती.

लॉर्ना ओट्यावरून उतरून तिच्याकडे आली. आल्याआल्याच बोलू लागली.

"मला काही म्हणू नका. त्यांनी विचारलं, सूनबाई, इथे लावू का? मी काय म्हणणार होते?"

"तुला कोण काय म्हणतंय? चूक माझी आहे."

"तुमची कशी?"

"मी बाकीची घरं बंद केली."

"अगंबाई! मला वाटलं वाटा संपला."

"सगळ्यांना तसं वाटावं म्हणूनच केलं."

"मग आता आत जाऊन..." लॉर्नाने वाक्य अर्धवट सोडलं. आत जाऊन प्लग काढायचा तर तो युनिसने काढायचा नव्हता. तिथे भाऊ होता. लॉर्नाने काढायचा तर पाहुण्यांच्या हातातून घास काढून घेतल्यासारखं.

"स्पीकर संध्याकाळी पुन्हा सुरू होणार?" युनिसने विचारलं.

"जेवणं झाली की. आज डोंगरापर्यंत पोचायचं म्हणतात. फोकस लावणार."

युनिसने मनाशी मांडलं. आता तेहतीस. पाच वाजेपर्यंत ढगातून जे येईल ते जाईल. मग असंच चालू राहिलं तर रात्री दहाच्या आत वीस. मशीन बंद. सिलिंडर. ब्रिजेटला फोन. उजाडताच विमान. फक्त मशीन आणि दिवे ठेवले तर सकाळी आठपर्यंत अकरा टक्के जातील, बावीस उरतील. मधलं काही नव्हतं.

"काय करणार?" लॉर्नाने विचारलं.

"नेल्सनला फोन लावते."

"तो येऊन काय करणार? नदी भरलीये. आणि बिघाड कुठे झालाय?"

युनिस बॅटरीच्या खोलीकडे वळली.

* * *

नेल्सन तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहिणीचा म्हणजे इथल्या नात्याने तिचाच. तो तिला आईच म्हणतो. वय चौतीस. किनाऱ्यावरच्या मोठ्या गावात तो विजेच्या दुरुस्तीचं काम करतो आणि आजूबाजूच्या सव्वीस वस्त्यांमधले पॅनल, इन्व्हर्टर, बॅटऱ्या त्याच्याकडे आहेत. युनिसला त्याने फोनवरून इतक्या वेळा वायर जोडायला लावली आहे, की लोकांच्या दृष्टीने त्याला फोन करणं म्हणजे काहीतरी जळालं आहे.

फोन फक्त बॅटरीच्या खोलीशेजारी लागतो, छपरावरच्या डिशच्या जवळ. चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

"बोल आई. काय उडालं?"

"काही उडालं नाही. तेहतीस आहेत."

"ढग?"

"चौथा दिवस."

"लोड काय दाखवतंय?"

तिने सांगितलं. मग वायरींचं सांगितलं. खटके स्वतः खाली ओढल्याचंही सांगितलं. त्याच्या मागे वर्कशॉपमध्ये कोणीतरी ग्राइंडर चालवत होतं.

"आई, नियम तुलाच माहीत आहेत माझ्यापेक्षा जास्त. लोकांना सांग, गरजेच्या लाईनवर बाहेरचा प्लग नाही. टेक्निशियनने सांगितलंय म्हण. माझं नाव घे."

"टेक्निशियनचं कोण ऐकतं?"

"हे बरंय."

"खरं सांगते. मला टेक्निशियन नकोय. भाचा हवाय."

ग्राइंडर थांबला. किंवा नेल्सन बाहेर आला असेल.

जमीन बापाकडून येते. युनिस आणि तिचा भाऊ या जमिनीचे मालक. पण मालकाने स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या गाण्यांच्या वेळी हुकूम द्यायचा नसतो. तो अधिकार बहिणीच्या मुलांचा. कुठे बसायचं, कुठलं गाणं कधी, कोण कुठे जाणार नाही, कधी थांबायचं, हे भाचे सांगतात आणि मालक ऐकतात, पाहुणेही ऐकतात, आजीच्या माहेरचेही. गुलुवाऱ्यात हे काम नेल्सनच्या थोरल्या भावाकडे होतं. तो गेल्या वर्षी वारला. त्यानंतर कोणी नेल्सनला काही विचारलं नव्हतं आणि नेल्सनने कोणाला काही सांगितलं नव्हतं.

"मी अजून कधी बोललेलो नाही तसं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"आणि पहिल्यांदा बोलायचं ते हॉरेसम्हाताऱ्याला? तो मला लहानपणी खाडीत फेकायचा. पोहायला शिकवतो म्हणून."

"शिकलास की."

"आई, तो म्हणेल, कालचं पोर, तिकडे शंभर मैलांवर पंख्याखाली बसून मला सांगतंय."

"म्हणेल कदाचित. मग मामाचं विमान सकाळी येईल."



"मामा कसे आहेत?"

"मला काय विचारतोस? मी तीन आठवड्यांत त्याला पाहिलेलं नाही. आकडा विचारतो रोज. आज चौतीस सांगितले, तर म्हणे हं."

"बरं," नेल्सन म्हणाला. "म्हाताऱ्याला फोनवर बोलाव. आणि तू तिथे थांबू नकोस. तुझ्यासमोर नको."

* * *

युनिसने आंब्यापाशी जाऊन एवढंच म्हटलं, "आजोबा, भाच्याचा फोन आहे."

नेल्सनचा फोन आहे, असं ती म्हणाली नाही. हॉरेसने मान वर केली. भोवतीची माणसं बोलायची थांबली. त्याने काठ्या फडक्यात गुंडाळल्या, कोणाचा हात न धरता उठला आणि चिखलातून सावकाश बॅटरीच्या खोलीकडे गेला. युनिस पॅनलच्या मागे जाऊन उभी राहिली. तिथून तिला त्याची पाठ दिसत होती आणि वारा इकडचा असला की शब्द ऐकू येत होते.

"हो... हो, मीच... बोल."

म्हाताऱ्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुझ्या भावाच्या जागी बोलतोयस?... नाही, विचारायला हवं. म्हणून विचारतोय."

म्हाताऱ्याने दुसरा हात पत्र्यावर टेकला.

"हे कोणी सांगितलं नाही मला. मला वाटलं मशीन वेगळं चालतं, हॉस्पिटलचं आहे म्हणून... नाही. त्या पोरीने सांगितलं नाही. ती कशी सांगेल?... हं... हं. मटणाचं काय?... आज?... सगळं?... बरं. तू म्हणशील तसं."

शेवटचे चार शब्द त्याने मोठ्याने म्हटले. ते आंब्यापर्यंत गेले असावेत.

तो परत निघाला. पॅनलपाशी थांबला, युनिसकडे न बघता बोलला.

"खाडीत बरा पोहायचा तो. बाकीचे रडायचे."

"हो, आजोबा."

"सकाळी तू मोतीबिंदूवाल्याला ढग दाखवलेस. मशीनचं बोलली असतीस तर..." त्याने हाताने ते वाक्य झटकून टाकलं. "नाही. तू बोलणार नव्हतीसच. बरोबर आहे."

ओट्यावर जाऊन त्याने पहिला प्लग स्वतः काढला. स्पीकरचा. मग फोनचा बोर्ड, मग फ्रीजर. माणसं काही न विचारता आपापल्या वायरी गुंडाळू लागली. एक तरुण बाई फोन अजून अर्धाही चार्ज झाला नाही म्हणाली, तेव्हा हॉरेस तिला म्हणाला, "कोणाला फोन करायचाय? सगळे इथेच आलेत." दहा मिनिटांत खिडकीतून फक्त पडदा बाहेर येत होता.

मग मोठमोठ्या चुली पेटल्या. नेल्सनने सांगितलं होतं, फ्रीजर बंद तर मटण आजच शिजवा. कासवाचं मटण उकळलं, भाजलं, राखेत भाकऱ्या भाजल्या, आणि सत्त्याऐंशी माणसं एका बैठकीत जेवली.

अंधार पडल्यावर गाणं सुरू झालं. माईक नव्हता, फोकस नव्हते. तीन शेकोट्या होत्या. हॉरेसचा आवाज आधी बारीक वाटला. मग काठ्या एका ठेक्यात आल्या, मागच्या पुरुषांनी सूर उचलला आणि आवाज अंगणभर बसला.

युनिस बॅटरीच्या खोलीच्या पायरीवर बसली होती. मागे इन्व्हर्टर जेमतेम ऐकू येत होता. लॉर्ना येऊन तिच्याजवळ बसली, हातात मटणाची थाळी घेऊन.

"खा. सकाळपासून काही नाही पोटात."

"कसा आहे?"

"झोपले नाहीत. विचारलं, स्पीकर कोणी बंद केला?"

"मग?"

"म्हटलं, भाच्याने. तर विचारलं, कुठल्या? म्हटलं, एकच उरलाय." लॉर्नाने थाळीतला एक तुकडा स्वतः खाल्ला. "मग म्हणाले, आता शब्द नीट कळतायत. तो डबा नुसता छातीत हाणत होता."

युनिस जेवू लागली.

"आणि किती, म्हणून विचारलंय. रात्रीचं कधी विचारत नाहीत."

युनिसने आत जाऊन पाहिलं. "तीस."

लॉर्ना तो आकडा घेऊन गेली. थोड्या वेळाने गाणं नदी ओलांडून डोंगराच्या पायथ्याच्या जागांवर आलं. त्या जागांची नावं युनिसला पाठ आहेत. ती बसल्या जागी ओठातल्या ओठात म्हणत राहिली. ही नावं घ्यायला तिला बंदी नाही.

* * *

बुधवारी सकाळी आठ वाजता बावीस होते. मशीन रात्रभर चालू होतं, सिलिंडरांवरची सीलं तशीच होती. नऊनंतर ढग फाटले. हॉरेसचा पाचव्या दिवसाचा अंदाज चुकला नव्हता, आणि त्याने तो दिवसभर सगळ्यांना ऐकवला. संध्याकाळी पाच वाजता आकडा एक्कावन्नवर गेला.

साडेपाचला ब्रिजेटचा फोन आला. तिने सिलिंडरांचं विचारलं. उघडले नाहीत, युनिसने सांगितलं. श्वास कसा आहे विचारलं; ते वहिनीला विचार, युनिस म्हणाली आणि लॉर्नाला हाक मारली. लॉर्ना जे सांगत होती त्यात चांगलं काही नव्हतं. पायाला सूज आहे, दोन घास जातात, बोलताना थांबावं लागतं. ब्रिजेटने विचारलं, त्यांना इकडे आणायचं का? लॉर्नाने फोन हाताने झाकला नाही, आत जाऊन विचारलंही नाही. "नाही," ती म्हणाली. "त्यांची गाणी अजून संपायची आहेत." ब्रिजेट शुक्रवारच्या नेहमीच्या विमानाने येणार आहे. एकटी.

सहा वाजता नेल्सनने फोन केला. या वेळी त्याला कोणी विचारलं नव्हतं. नदी अजून चढलेली आहे, शनिवारच्या आत तो येऊ शकत नाही. तोवर काय करायचं ते त्याने सांगितलं आणि हॉरेसने ते आंब्याखाली उभं राहून सगळ्यांना ऐकवलं. मामाच्या खिडकीतून एकही वायर बाहेर येणार नाही. चैनीची लाईन बंदच. फोन दुसऱ्या घरात, दुपारी एक ते तीन. होड्या उद्या पहाटे मासे धरायला जातील आणि मासळी ठेवायला फ्रीजर लागेल. तो तिसऱ्या घराच्या गरजेच्या लाईनवर लावायचा.

उद्या गुरुवारी फ्रीजर पॅनलवर ऊन असेल तेवढाच वेळ चालेल: सकाळी साडेनऊला चालू होईल आणि दुपारी तीनला बंद.